मानवी जैविक घड्याळ

मानवी जैविक घड्याळ ही मानवी शरीरातील बहुतेक क्रियांना सुमारे २४ तासांच्या आवर्तनात बांधून ठेवणारी अंतर्गत कालमापन यंत्रणा होय. झोप व जाग, शरीराचे तापमान, रक्तदाब, संप्रेरकांचे स्रवणे, भूक आणि पचन या क्रिया दिवसभर एकाच पातळीवर चालत नाहीत. त्यांत ठरावीक वेळी चढउतार होतात. या चढउतारांना दैनिक लय असे म्हणतात. ही लय शरीरातच उत्पन्न होते. मात्र बाहेरच्या दिवसरात्रीशी तिचा मेळ राखण्यासाठी तिला रोज बाहेरून संकेत मिळावे लागतात. सूर्यप्रकाश हा त्यांपैकी सर्वांत प्रबळ संकेत असून जेवणाची वेळ हा दुसरा महत्त्वाचा संकेत आहे. आतड्यांत वास्तव्य करणाऱ्या जिवाणूंच्या समूहातही अशी दैनिक आवर्तने आढळली आहेत.

प्रकाश, झोप आणि अन्न यांच्या वेळा परस्परांशी जुळलेल्या असतात तेव्हा शरीरातील निरनिराळ्या अवयवांची कामे एका सुरात चालतात. या वेळांची फारकत दीर्घकाळ राहिल्यास चयापचय, रक्ताभिसरण व रोगप्रतिकारशक्ती यांवर अनिष्ट परिणाम होतात. रात्रपाळी करणारे कामगार, परिचारिका व पोलीस, तसेच भल्या सकाळी शाळेत जाणारी मुले यांच्या दिनक्रमाच्या वेळा त्यांनी स्वतः ठरवलेल्या नसतात. त्यामुळे हा विषय वैयक्तिक सवयींपुरता मर्यादित न राहता सार्वजनिक आरोग्याचाही ठरतो.

संज्ञा

दैनिक लयीसाठी पाश्चात्त्य भाषांत रूढ असलेली ‘सर्केडियन’ ही संज्ञा फ्रान्झ हालबर्ग या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये घडवली. ‘सिर्का’ म्हणजे सुमारे आणि ‘दिएस’ म्हणजे दिवस या लॅटिन शब्दांपासून ती बनली आहे. ‘सुमारे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण शरीरातील घड्याळ नेमके २४ तासांचे नसते. सजीवांतील अशा लयींचा अभ्यास करणाऱ्या शाखेस कालजीवशास्त्र म्हणतात. घड्याळाला बाहेरची वेळ कळवणाऱ्या प्रकाशासारख्या घटकास कालसूचक असे म्हणता येईल.

इतिहास

वनस्पतींची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, ही गोष्ट प्राचीन काळापासून ज्ञात होती. सिकंदराच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनिस याने इराणच्या आखातातील एका बेटावरील झाडाच्या पानांची अशी हालचाल नोंदवून ठेवली. ते झाड चिंचेचे असावे असे मानले जाते. या हालचालीचे कारण सूर्यप्रकाश हेच असणार, अशी पुढे दीर्घकाळ समजूत होती. १७२९ मध्ये झां-झाक दॉर्तू द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी संवेदनशील वनस्पती सतत अंधारात ठेवली. तरीही तिची पाने नेहमीच्या वेळी उघडत व मिटत राहिली. बाहेरच्या प्रकाशावाचूनही लय टिकून राहते, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय.

माणसावरील प्रयोगांसाठी शास्त्रज्ञांना सूर्य व घड्याळ दोन्हींपासून दूर जावे लागले. नॅथनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी ब्रूस रिचर्डसन यांनी १९३८ मध्ये अमेरिकेतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहून २८ तासांचा ‘दिवस’ अंगवळणी पाडण्याचा प्रयत्न केला. रिचर्डसन यांना ते बरेचसे साधले, परंतु क्लाइटमन यांची लय २४ तासांच्या आसपासच राहिली. १९६२ मध्ये फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र हे आल्प्स पर्वतातील एका गुहेत दोन महिने घड्याळाविना एकटे राहिले. १४ सप्टेंबरला त्यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने तो २० ऑगस्टचा दिवस होता. जाणिवेतील काळ असा मागे पडला असला, तरी त्यांच्या झोप व जागेपणाचे आवर्तन २४ तासांहून किंचितच लांब राहिले होते.

जर्मनीत आन्डेक्स येथे युर्गेन आशोफ व र्‍यूटगर वेफर यांनी भूमिगत निवासात स्वयंसेवकांना आठवड्यानुआठवडे ठेवून अशीच निरीक्षणे केली. त्यांवरून माणसाचा अंतर्गत दिवस सुमारे २५ तासांचा असावा असे अनुमान निघाले. तथापि त्या निवासातील दिवे स्वयंसेवक स्वतः लावत व मालवत असल्याने प्रकाशाचा परिणाम मोजणीत मिसळला होता. १९९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील चार्ल्स झाइसलर व सहकाऱ्यांनी मंद प्रकाशातील अधिक काटेकोर प्रयोगांतून हा काळ सरासरी सुमारे २४.२ तास असल्याचे दाखवले.

घड्याळाचे जनुकीय स्वरूप फळमाशीच्या अभ्यासातून उलगडले. रोनाल्ड कोनोप्का व सीमोर बेन्झर यांनी १९७१ मध्ये दैनिक लय बिघडलेल्या माश्या शोधून त्यामागे एकच जनुक असल्याचे दाखवले. १९८४ मध्ये हे ‘पिरियड’ जनुक वेगळे करण्यात आले. या जनुकाच्या कार्यपद्धतीचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या शाखेचा पाया मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन यांनी घातला. मदुराईजवळच्या गुहेतील वटवाघळांवर त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. गुहेच्या अंधारात बंदिस्त ठेवलेली वटवाघळे, मोकळ्या सोबत्यांच्या येण्याजाण्यावरून आपली लय बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेतात, असे त्यात आढळले. माणसाला कालसूचकांपासून अलग ठेवून अभ्यास करण्याची सोयही या विद्यापीठात उभारण्यात आली होती.

रचना व कार्य

मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, अधश्चेतक या भागात, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर असते. सुमारे २०,००० चेतापेशींच्या या लहानशा पुंजक्याचे कार्य १९७२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून निश्चित झाले. हा पुंजका नष्ट केल्यास उंदरांच्या झोपेला व हालचालींना वेळेचे बंधन उरत नाही. ते एकंदर झोपतात तेवढेच, परंतु ती झोप दिवसरात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरली जाते.

मुख्य घड्याळाखेरीज यकृत, स्वादुपिंड, हृदय, स्नायू, आतडी अशा जवळजवळ सर्व अवयवांच्या पेशींत स्वतंत्र घड्याळे असतात. प्रत्येक पेशीत काही जनुके ठरावीक प्रथिने तयार करतात. ती पुरेशी साठली की आपल्याच जनुकांचे काम थांबवतात. कालांतराने प्रथिनांचे विघटन होते आणि जनुके पुन्हा कामाला लागतात. या एका फेऱ्यास सुमारे २४ तास लागतात.

मेंदूतील मुख्य घड्याळ प्रामुख्याने प्रकाशाने लागते. यकृतासारख्या अवयवांची घड्याळे मुख्य घड्याळाचे ऐकतातच, पण त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचाही मोठा प्रभाव असतो. निशाचर असलेल्या उंदरांना केवळ दिवसा अन्न दिले, तर त्यांच्या यकृतातील घड्याळ काही दिवसांत उलटे होते, मेंदूतील मात्र पूर्ववत राहते. एकाच शरीरात दोन वेळा चालू राहण्याच्या या स्थितीस अंतर्गत विसंगती म्हणतात. लय बिघडल्याने होणाऱ्या अनेक विकारांच्या मुळाशी ही विसंगती असते.

सूर्यप्रकाश

सूर्यप्रकाशाचा आरोग्यावर परिणाम प्रामुख्याने दोन वाटांनी होतो. डोळ्यांतून जाणारा दृश्य प्रकाश घड्याळ लावतो, तर त्वचेवर पडणारे अतिनील किरण ड जीवनसत्त्व निर्माण करतात. या दोन परिणामांची अनेकदा गल्लत केली जाते.

डोळ्यांवाटे

दृष्टिपटलात पाहण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या शंकू व दंड या पेशी असतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र काही पूर्णपणे अंध व्यक्तींच्या शरीरातही डोळ्यांवर प्रकाश टाकल्यास रात्रीचे संप्रेरक कमी होते, असे १९९५ मध्ये दिसून आले. पुढे दृष्टिपटलात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी सापडल्या. त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्याचे आहे. निळसर प्रकाशास त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात.

अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. एरन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते गाईबैलांच्या ग्रंथींपासून वेगळे केले. मेलाटोनिन हे रात्र झाल्याची शरीरभर दिली जाणारी वर्दी होय. तीव्र प्रकाशाने त्याचे स्रवणे थांबते. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे आणतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्री उशिराचा प्रकाश ते मागे ढकलतो. माणसाचे घड्याळ २४ तासांहून थोडे लांब असल्याने सकाळच्या उजेडाअभावी ते रोज थोडे थोडे मागे पडते.

घरातील दिव्यांचा उजेड साधारणपणे १०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स, तर स्वच्छ उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. दिवसभर घरात राहणाऱ्या व्यक्तीचा दिवस शरीराच्या दृष्टीने मंद आणि रात्र मात्र प्रकाशमान असते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेल्या एका लहान अभ्यासात आठ जणांना विजेच्या दिव्यांवाचून आठवडाभर डोंगरात राहण्यास नेले. त्यांच्या शरीरातील मेलाटोनिनची वेळ सुमारे दोन तास अलीकडे आली आणि ती सूर्यास्ताशी जुळली.

बाहेरच्या उजेडाचा मुलांच्या दृष्टीशीही संबंध आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात काही प्राथमिक शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्या मुलांत निकटदृष्टितेचे (लांबचे अंधुक दिसण्याचे) नवे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के आढळले. हा परिणाम जैविक घड्याळामार्फतच होतो असे सिद्ध झालेले नाही.

त्वचेवाटे

सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेतील एका स्निग्ध पदार्थाचे ड जीवनसत्त्वात रूपांतर करतात. यकृत व मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन ते कार्यक्षम बनते आणि अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते. त्याच्या अभावी लहान मुलांची हाडे मऊ राहून वाकतात. या रोगास मुडदूस म्हणतात. बर्लिनमधील कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याच्या प्रकाशाने बरी होतात हे दाखवले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी कॉड माशाच्या यकृताचे तेल तोच परिणाम घडवते असे सिद्ध केले.

हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे काचेआडून अंगावर ऊन घेतल्यास ऊब व उजेड मिळतो, परंतु ड जीवनसत्त्व तयार होत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असतानाही ते फार कमी प्रमाणात पोचतात. गडद त्वचेतील मेलॅनिन हे किरण अडवत असल्याने अशा त्वचेस अधिक वेळ ऊन लागते. भरपूर ऊन असूनही भारतीय शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. त्यामागे घरात व कार्यालयात जाणारा दिवस, अंगभर कपडे, हवेचे प्रदूषण आणि आहारातील त्रुटी ही कारणे दिली जातात. दुसरीकडे, अतिनील किरण हे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत आणि मोतीबिंदूशीही त्यांचा संबंध आहे. म्हणून भाजेपर्यंत ऊन घेणे हितावह नाही.

झोप

झोप केव्हा लागते हे दोन प्रक्रियांच्या मेळातून ठरते, असे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. पहिली प्रक्रिया झोपेच्या दाबाची आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते, त्याने झोपेची ओढ वाढते आणि झोपेत तो साठा ओसरतो. चहाकॉफीतील कॅफीन ॲडेनोसिनचा परिणाम अडवते, साठा मात्र कमी करत नाही. दुसरी प्रक्रिया जैविक घड्याळाची आहे. रात्रभर जागलेल्या माणसालाही सकाळी काहीशी तरतरी वाटते आणि दिवसा झोपण्याचा प्रयत्न केल्यास झोप मोडत राहते, त्याचे कारण हे घड्याळ होय.

रात्रीच्या झोपेत सुमारे ९० मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात. पूर्वार्धात गाढ झोपेचे व उत्तरार्धात शीघ्र नेत्रहालचालीच्या स्वप्नमय झोपेचे प्रमाण अधिक असते. ही दुसरी अवस्था युजीन ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगासमोर आणली. वाढीचे संप्रेरक मुख्यत्वे गाढ झोपेत स्रवते, तसेच दिवसभरात शिकलेले स्मृतीत पक्के होण्यासही झोपेची मदत होते.

झोप आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध प्रयोगांनी दाखवला गेला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना रोज चार तासच झोपू देऊन इन्फ्लुएन्झाची लस टोचली. दहा दिवसांनंतर त्यांच्या शरीरातील प्रतिपिंडे पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होती. २००९ च्या दुसऱ्या प्रयोगात १५३ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली.

अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनांनी प्रौढांसाठी किमान सात तास, १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी ९ ते १२ तास झोपेची शिफारस केली आहे.

आहार व आतड्यांतील जिवाणू

मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असून त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्या सुमारे ३० लाख कोटी आहे. हा अंदाज इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दिला. जिवाणू पेशींच्या दसपट असतात, हे पूर्वी सर्वत्र उद्धृत होणारे प्रमाण त्याने मागे पडले.

लहान आतड्यात न पचलेले तंतुमय पदार्थ हे या जिवाणूंचे मुख्य अन्न होय. ते आंबवून जिवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन आहे. काही जिवाणू के जीवनसत्त्व व काही ब जीवनसत्त्वेही निर्माण करतात. रोगकारक जंतूंना जागा मिळू न देणे हे त्यांचे आणखी एक कार्य होय. प्रतिजैविकांच्या मोठ्या वापरानंतर हा समूह विस्कळीत झाल्यास क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचा चिवट अतिसार होऊ शकतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत वारंवार उलटणारा हा विकार निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणूंचे रोपण केल्याने १६ पैकी १३ रुग्णांत पहिल्याच प्रयत्नात बरा झाला.

आहाराप्रमाणे जिवाणूंची रचना बदलते. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला व मेगास्फेरा या गटांचे प्रमाण अधिक आढळले. प्रिव्होटेलाचा संबंध सामान्यतः धान्ये व तंतुमय पदार्थांनी युक्त आहाराशी जोडला जातो.

जिवाणूंच्या दैनिक आवर्तनांविषयीचे महत्त्वाचे संशोधन वाइझमन संस्थेतील एरन एलिनाव्ह व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. आतड्यात पोचणारा प्रकाश शून्य असूनही तेथील जिवाणूंची रचना व कार्ये दिवसाच्या वेळेनुसार बदलतात, असे त्यांना उंदरांत व माणसांतही दिसले. ही आवर्तने मुख्यतः यजमानाच्या जेवणाच्या वेळेमुळे घडतात. ज्या उंदरांच्या शरीरातील घड्याळाची जनुके निकामी केली होती त्यांच्यात ती नाहीशी झाली. ठरावीक वेळी अन्न देऊ लागल्यावर मात्र परत आली. लांबचा विमानप्रवास केलेल्या दोन व्यक्तींच्या प्रवासोत्तर विष्ठेतील जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले असता त्या उंदरांचे वजन व रक्तशर्करा वाढली. प्रवासापूर्वीच्या जिवाणूंनी तसे झाले नाही. व्यक्तींची संख्या अल्प असल्याने हा निष्कर्ष दिशादर्शक मानावा लागतो.

अमेरिकेतील सॉल्क संस्थेतील मूळचे भारतीय शास्त्रज्ञ सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये आणखी एक प्रयोग केला. मेदयुक्त अन्न चोवीस तास उपलब्ध असलेले उंदीर लठ्ठ झाले. तेच अन्न जवळजवळ तितक्याच उष्मांकात, परंतु रात्रीच्या आठ तासांतच खाणारे उंदीर लठ्ठपणापासून बचावले. उंदीर निशाचर असल्याने रात्र ही त्यांची जागेपणाची वेळ होय. माणसांवरील अशा चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

परस्परसंबंध

प्रकाश, झोप व जिवाणू हे तीन घटक एकमेकांत गुंतलेले आहेत. रात्री उशिरापर्यंत उजेडात राहणारी व्यक्ती उशिरा झोपते आणि बहुधा उशिराच खाते. त्या वेळी मेलाटोनिन वाढलेले व इन्शुलिनचा प्रभाव मंदावलेला असल्याने तेच जेवण रक्तातील साखर अधिक वाढवते. जेवणाची वेळ सरकल्याने यकृत व आतडी यांची घड्याळे आणि जिवाणूंची आवर्तनेही सरकतात.

त्वचेवरील उन्हाचा आतड्यांशी संबंध असू शकतो, असे कॅनडातील व्हँकूवर येथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. हिवाळ्यात २१ निरोगी स्त्रियांना आठवड्यात तीनदा अतिनील किरण दिले असता, ज्या आधीपासून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत नव्हत्या त्यांच्या आतड्यांतील जिवाणूंचे वैविध्य वाढले.

लय बिघडण्याचे परिणाम

२००९ मध्ये हार्वर्ड येथील फ्रँक शेअर व सहकाऱ्यांनी दहा प्रौढांना २८ तासांच्या कृत्रिम दिवसात ठेवले. झोप व जेवण घड्याळाच्या उलट वेळी येऊ लागताच त्यांचा रक्तदाब व रक्तशर्करा वाढली आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले. काहींची साखर जेवणानंतर मधुमेहपूर्व पातळीपर्यंत पोचली. हे बदल काही दिवसांतच घडले होते.

दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह, लठ्ठपणा व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तो कायम ठेवला. रुग्णालये, रेल्वे, वीजकेंद्रे व पोलीस ठाणी रात्री बंद ठेवता येत नाहीत. त्यामुळे पाळ्यांची आखणी, पाळ्यांमधील पुरेशी विश्रांती आणि दिवसा झोपण्यास अंधारी व शांत जागा यांचा विचार आवश्यक ठरतो.

शाळेची वेळ

पौगंडावस्थेत जैविक घड्याळ निसर्गतः मागे सरकते. या वयातील मुलांना रात्री झोप उशिरा येते, ती केवळ आळसामुळे वा हट्टाने नव्हे. शाळा मात्र लवकर भरत असल्याने त्यांची सकाळची झोप कापली जाते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. सिएटल शहरात २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० ऐवजी ८.४५ केल्यावर विद्यार्थ्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली.

महाराष्ट्रात पुरेशा वर्गखोल्यांअभावी अनेक शाळा सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत भरतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवण्याचा निर्णय जाहीर केला. घड्याळ मागे सरकण्याचा परिणाम ज्यांच्यावर सर्वाधिक होतो, ती आठवी ते बारावीची मुले या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली.

घड्याळातील वेळ आणि सूर्याची वेळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर असल्याने तेथे सूर्य सरासरी ३९ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. नागपूरला हा फरक सुमारे १४ मिनिटांचा आहे. मुंबईने प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ ही स्थानिक वेळ १९५५ पर्यंत वापरात ठेवली होती. प्रमाणवेळेनुसार सकाळी सात वाजता शाळेत पोचणारे मुंबईचे मूल सूर्याच्या हिशेबाने सुमारे सव्वासहालाच वर्गात बसते. भारतातील मुलांच्या झोपेविषयी झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, सूर्यास्त एक तास उशिरा होणाऱ्या भागांत मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी आढळली, कारण ती उशिरा झोपली तरी शाळेसाठी वेळेवरच उठतात.

पारंपरिक विचार

आयुर्वेदात दिवसाच्या आखणीस महत्त्व आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थानात ‘दिनचर्या’ नावाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात निरोगी माणसाने ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे सांगितले आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. हे विचार निरीक्षण व परंपरा यांवर आधारलेले असून कालजीवशास्त्राचे निष्कर्ष प्रयोगांतून आले आहेत. दोहोंत काही साम्य असले, तरी एकाला दुसऱ्याचा पुरावा मानता येत नाही.

प्रचलित गैरसमज

* ‘मेलाटोनिन ही झोपेची गोळी आहे.’ मेलाटोनिन मुख्यतः वेळ कळवते. त्याचा झोप आणण्याचा परिणाम सौम्य असून ते घेण्याची वेळ चुकल्यास घड्याळ उलट दिशेने सरकू शकते.
* ‘आतड्यांत तयार होणारे सेरोटोनिन मन प्रसन्न ठेवते.’ शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते हे खरे. परंतु ते रक्तातून मेंदूत प्रवेश करू शकत नाही.
* ‘ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्व रोगांपासून वाचवतात.’ अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत या गोळ्यांनी कर्करोग वा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. कमतरता असलेल्या व्यक्तीस उपचार म्हणून मात्र त्या आवश्यक असतात.
* ‘मोबाइलचा निळा प्रकाश हेच निद्रानाशाचे कारण आहे.’ रात्री प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्या १२ व्यक्तींना झोप लागण्यास सरासरी सुमारे १० मिनिटेच अधिक लागली, जरी त्यांचे मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढू लागले.

सर्वसाधारण शिफारशी

उपलब्ध संशोधनाच्या आधारे तज्ज्ञ साधारणपणे पुढील गोष्टी सुचवतात: उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवणे, सकाळी काही वेळ घराबाहेरच्या उजेडात घालवणे, सूर्यास्तानंतर दिवे मंद ठेवणे, रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकणे, आहारात ज्वारी-बाजरी, कडधान्ये, भाज्या व फळे यांतून तंतुमय पदार्थ घेणे, दुपारनंतर चहाकॉफी कमी करणे, आणि प्रतिजैविके वैद्यकीय सल्ल्यावाचून न घेणे. या शिफारशी सर्वसाधारण स्वरूपाच्या असून दीर्घकालीन निद्रानाश, मधुमेह वा अन्य विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.

हेही पहा

* झोप
* मेलाटोनिन
* ड जीवनसत्त्व
* मुडदूस
* भारतीय प्रमाणवेळ